ज्वारीची धांडं, मलमाची मडकी आणि पुराव्याचं भांडण

ज्वारीचं धांडं हे हत्यार आहे असं अमळनेरच्या बाजारात कुणाला सांगितलं, तर तो हसेल. कणीस खुडलं की धांडं कडब्यात जातं, कडबा गुरांपुढं पडतो, विषय संपला. पण 1575 साली इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, फ्रिऊली नावाच्या मुलखात, एका पाद्र्याच्या कानावर भलतंच काही आलं. पाओलो गास्पारुत्तो नावाचा एक गावकरी सांगत होता, की वर्षातून चार वेळा, ठरलेल्या गुरुवारी रात्री, त्याचा आत्मा देह सोडून रानात लढायला जातो. समोर चेटक्यांची फौज, त्यांच्या हातात ज्वारीची धांडं. आणि गास्पारुत्तोच्या बाजूच्यांकडं? बडीशेपेच्या काड्या! बडीशेपवाले जिंकले तर पीक जोरदार येणार, ज्वारीवाले जिंकले तर उपासमार.

हे लोक स्वतःला ‘बेनान्दान्ती’ म्हणवत. जन्मताना गर्भाची पातळ पिशवी अंगावर घेऊन आलेलं मूल मोठेपणी या फौजेत भरती व्हायचं. म्हणजे त्यांच्या मते ते चेटक्यांचे शत्रूच होते, गावाचे राखणदार. आता चर्चच्या न्यायाधीशांची पंचाईत बघा. त्यांचं कामही चेटक्यांना शोधण्याचंच. समोर उभा माणूस म्हणतोय, ‘मीही तेच करतो, फक्त झोपेत करतो.’ याला सहकारी म्हणायचं की आरोपी?

त्यांनी आरोपी ठरवला. 1581 मध्ये गास्पारुत्तोला शिक्षा झाली. आणि पुढचं ऐकून तर थक्क व्हायला होतं. पुढची साठ-सत्तर वर्षं न्यायाधीश तेच तेच प्रश्न विचारत राहिले, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेनान्दान्ती स्वतःच कबूल करू लागले, की होय, आम्ही सैतानाच्या मेळ्याला जातो. चेटक्यांशी लढणाऱ्यांना प्रश्न विचारून विचारून चेटकी करून टाकलं! कार्लो गिन्झबर्ग या इतिहासकारानं जुन्या दफ्तरांतून ही कथा खणून काढली आणि 1966 मध्ये जगापुढं मांडली.

मला ही गोष्ट आठवते ती एका खेळामुळं. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करील ते बोलतात, आणि शंका आली की फासे टाकायचे. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’नं याची सुरुवात केली. 1986 मध्ये इंग्लंडमधून ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ आला. अंधारं साम्राज्य, चिखल, रोगराई, आणि त्यात रुंद काठाच्या टोप्या घालून फिरणारे चेटकीण-शिकारी.

पण या शिकाऱ्यांचं एक दुखणं आहे. ते सगळे एकसारखेच असतात. कडवे, रागीट, हातात मशाल. दोन बैठकांत कंटाळा येतो. उपाय काय? त्यांच्यात तट पाडा. याच घराण्यातल्या, दूरच्या भविष्यात घडणाऱ्या ‘इन्क्विझिटर’ या 2001 सालच्या खेळात हे झकास करून दाखवलं आहे. तिथल्या धर्मरक्षकांत सोवळे आणि जहाल असे दोन मोठे गट आहेत. सोवळे म्हणतात, शत्रूच्या विद्येला शिवायचंही नाही. जहाल म्हणतात, शत्रूचंच हत्यार घेऊन शत्रू मारू. या दोन्हींच्या पोटात आणखी पंथ. एवढं केलं आणि पात्रं एकदम बोलायला लागली, कारण आता चेटकिणीपेक्षा शेजारच्या खुर्चीवरचा मित्र जास्त धोक्याचा झाला.

कल्पना खेळ रचणाऱ्यांची, हे खरं. पण इतिहासात डोकावलं की वाटतं, यांनी फार हात राखून लिहिलंय. खरे तट याहून अफाट होते.

हाइनरिश क्रामर घ्या. हातात 1484 सालचा पोपचा हुकूमनामा, त्याच्या बळावर हा 1485 मध्ये इन्सब्रुक शहरात चेटकिणी शोधायला पोहोचला. हेलेना शॉयबेरिन नावाची एक बाई त्याच्या तोंडावर त्याला वाटेल ते बोलली, म्हणून तिच्यासह काही बायकांवर त्यानं खटला भरला. तुम्हाला वाटेल, झालं, पेटली चिता. छे! तिथल्या बिशपच्या प्रतिनिधीनंच हरकत घेतली, की हे प्रश्न खटल्याला धरून नाहीत. कामकाजही नियमाला धरून नाही असं ठरलं. बायका सुटल्या. बिशप गेओर्ग गोल्सरनं क्रामरला सुनावलं, की आता आपण इथून निघावं हे बरं. बिशपही त्याच चर्चचा, चेटूक असतं असं मानणाऱ्या काळातलाच. पण पुरावा म्हणजे पुरावा! अपमान गिळत क्रामर परतला आणि 1486 मध्ये त्याचं ‘माल्येउस मालेफिकारुम’ बाहेर पडलं. चेटकिणींच्या शिकारीचं जगातलं सर्वांत कुप्रसिद्ध पुस्तक हे एका हरलेल्या खटल्यानंतर चिडून बसलेल्या माणसाचं उत्तर आहे, हे कळल्यावर ते वाचण्याची दृष्टीच बदलते.

पुढं 1563 मध्ये योहान वायर या डॉक्टरनं लिहिलं, की सैतान आहे, नक्की आहे, पण तो इतका लबाड आहे की दुबळ्या, खिन्न म्हाताऱ्यांना वाटायला लावतो की तूच गारा पाडल्यास. म्हणजे म्हातारी रोगी, गुन्हेगार नव्हे. यावर 1580 मध्ये झाँ बोदँ खवळून उठला. हा बोदँ कोण? राज्याचं सार्वभौमत्व म्हणजे काय, हे ज्याच्या ग्रंथातून आजही शिकवतात तो मोठा राज्यशास्त्रज्ञ. युरोपातली एक तल्लख बुद्धी, आणि ती म्हणते, की वायर चेटकिणींची वकिली करतो, म्हणजे तो स्वतःच चेटक्या असणार. शहाणपण आणि भोळेपणा एकाच डोक्यात शेजारी-शेजारी किती सुखानं नांदतात! त्यामुळंच खेळातला कडवा शिकारी मूर्ख दाखवणं मला आळशीपणाचं वाटतं. त्याला बोदँइतका हुशार करा, मग बघा कसा घाम फुटतो.

आता या सगळ्या गोतावळ्यातला माझा लाडका माणूस: आलोन्सो दे सालासार फ्रियास. स्पेनमधल्या लोग्रोन्यो इथल्या धर्मन्यायालयातल्या तिघांपैकी सर्वांत धाकटा न्यायाधीश. 1609 च्या सुमारास बास्क डोंगराळ भागात चेटकिणींची साथ उसळली. 1610 च्या नोव्हेंबरात मोठा सार्वजनिक सोहळा करून सहा जणांना जिवंत जाळलं. पाच जण आधीच मेले होते, तर त्यांचे पुतळे जाळले. सालासार त्या न्यायासनावर होता. मग 1611 मध्ये त्याला दौऱ्यावर धाडलं. काम असं, की जे कबूल करतील त्यांना माफी द्यायची.

किती जणांनी कबूल केलं असेल? 1,802. आणि त्यातली 1,384 मुलं, मुली बारा वर्षांच्या आतल्या, मुलगे चौदाच्या आतले! एखादा क्रामर असता तर आनंदानं नाचला असता. सालासार मात्र वही काढून बसला.

त्यानं काय केलं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. वेगवेगळ्या गावांतल्या मेळ्याला गेल्याचं सांगणारे छत्तीस जण निवडले आणि एकेकाला वेगळं काढून विचारलं: जागा नेमकी कुठली? कुठल्या वाटेनं गेलात? काय खाल्लंत? नक्कल करणाऱ्या पोरांना मास्तर वेगवेगळ्या बाकांवर बसवतात, तसंच हे. उत्तरं जुळेनात. मग त्यानं मेळ्याच्या म्हणून सांगितलेल्या जागी, नेमक्या मेळ्याच्या रात्री, आपले कारकून पाठवले. रात्र सरली. कुणी आलं नाही. मग निघाली मलमाची मडकी. चेटकिणी हे मलम अंगाला फासून उडतात, अशी समजूत. अशी बावीस मडकी गोळा झाली होती. त्यानं मलम जाणकारांना तपासायला दिलं, जनावरांना चारून पाहिलं. जनावरं ठणठणीत! खोदून विचारल्यावर कळलं, की लोक इतके छळले गेले होते की काहीतरी दाखवायलाच हवं म्हणून त्यांनी घरात मिळेल त्यातून मलमं घोटली होती.

थांबा, इथं जरा श्वास घेऊ. साल 1611 आहे. गॅलिलिओ नुकताच दुर्बिणीतून गुरूचे चंद्र मोजतोय. आणि स्पेनच्या धर्मन्यायालयाचा, ज्याच्या नावानं आजही अंगावर काटा येतो त्या न्यायालयाचा, एक न्यायाधीश उडण्याचं मलम जनावरांना चारून प्रयोग करतोय!

त्याच्या दोन्ही वरिष्ठ सहकाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध लांबच लांब टिपणं माद्रिदला पाठवली. त्यानं हजारो पानांची कागदपत्रं उलट पाठवली. त्याचा निष्कर्ष असा, की या विषयाची बोलणी आणि लिहिणी सुरू होईपर्यंत त्या भागात चेटकीणही नव्हती आणि चेटकानं बाधलेलं माणूसही नव्हतं. म्हणून औषध एकच, गप्प बसा. प्रवचनं बंद, चौकशा बंद, बोभाटा बंद. 1614 मध्ये माद्रिदच्या वरिष्ठ मंडळानं त्याचं म्हणणं उचलून धरलं आणि नवे नियम काढले. स्पेनच्या धर्मन्यायालयापुरत्या चेटकिणींच्या चिता जवळपास थंडावल्या. बाकी युरोपात त्या अजून शंभर वर्षं भडकत राहायच्या होत्या.

सालासार चेटूक असू शकतं हे नाकारत नव्हता, हे विसरू नका. तो फक्त म्हणत होता: दाखवा.

अमेरिकेतल्या सेलमच्या खटल्यांवरून 1692 साली हीच फट एका घरातून गेली. एकोणीस जणांना फाशी झाली होती, एकाला दगडांखाली दाबून मारलं होतं. मुख्य पुरावा काय, तर ‘अमक्या बाईची आकृती रात्री येऊन मला छळते’ ही तक्रार. थोरले पाद्री इन्क्रीज मॅथर यांनी विचारलं, सैतानानं निष्पाप माणसाचं रूप घेतलं असेल तर? त्याच शरदात त्यांचा मुलगा कॉटन मॅथर खटल्यांचं समर्थन करणारं पुस्तक लिहीत होता. बाप-लेक, एक धर्म, एक गाव, दोन पुस्तकं.

हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात सारखं अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर येत होतं. 1916 मध्ये प्रतापशेठजींच्या पैशातून उभी राहिलेली ही संस्था. अद्वैत वेदान्ताचा अभ्यास करायला देशभरातून विद्वान या कापसाच्या गावी येऊन राहत, साने गुरुजीही त्या आवारात वावरले. वेदान्तात पहिलाच प्रश्न असतो, तुला हे कळलं कशावरून? त्याची उत्तरं सहा: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती, अनुपलब्धी. परीक्षेपुरतं पाठ करून विसरायची यादी, असं मलाही वाटायचं. पण चेटकीण-शिकाऱ्यांवर ही यादी ठेवून बघा!

बोदँ आणि क्रामर हे शब्दप्रमाणवाले. पोपनं म्हटलंय, पूर्वसूरींनी म्हटलंय, मग तू कोण विचारणार? इंग्लंडमध्ये 1645 ते 1647 गावोगाव फिरणारा मॅथ्यू हॉपकिन्स प्रत्यक्षवाला. अंगावरचा मस दाखव, तिला रात्रभर जागवून समोर बसू आणि तिची पाळीव भुतं येताना डोळ्यांनी बघू. (आणि गावाकडून पैसे घेऊ, हे वेगळं. त्याच्यावर पहिली तोफ डागणारा जॉन गॉल हाही चेटूक मानणारा पाद्रीच होता.) अर्थापत्तीचं पोथीतलं उदाहरण ठाऊक असेलच: देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे, म्हणजे रात्री जेवत असला पाहिजे. आता गावातलं बघा. धडधाकट पोर दोन दिवसांत गेलं, कारण दिसत नाही, म्हणजे कुणीतरी केलंच असलं पाहिजे. तोच साचा! फरक एवढाच, की देवदत्ताच्या पोटाचं दुसरं कारण आपल्याला सुचत नाही, आणि पोराच्या तापाची कारणं डॉक्टरला दहा सुचतात.

आणि सहावं, अनुपलब्धी? जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून घडा नाही हे कळणं. ‘नसणं’ हेही जाणून घेता येतं, त्यासाठी वेगळं प्रमाण मानावं लागतं, यावर आपल्याकडं शतकानुशतकं वाद झाले. मेळ्याच्या जागी कारकून उभे राहिले, चांगलं दिसण्याजोगी जागा, नेमकी रात्र, आणि कुणी नाही. सालासारला वेदान्ताचा गंधही नव्हता, पण तो पक्का अनुपलब्धीवाला निघाला. अनुमान आणि उपमान या दोन खुर्च्या मात्र मी मोकळ्या ठेवल्यात. कुणाला शिकारी सापडले तर त्यानं त्यांना तिथं बसवावं.

हा परका इतिहास आहे असं समजून निश्चिंत होऊ नका. पेशव्यांच्या रोजनिशींवर लिहिताना न्यायमूर्ती रानड्यांनी नोंदवलंय, की चेटूक करणाऱ्यांना हुडकून शासन करण्याच्या कामावर सरकारी अंमलदार नेमले जात. आपल्याकडंही ही सरकारी नोकरी होती! आणि अमळनेरहून तापी ओलांडून चोपड्याच्या वर सातपुड्यात शिरलं, की तिथून नंदुरबारच्या डोंगरांपर्यंत डाकीण ही पोथीतली गोष्ट नव्हे. दुखणं आलं की भगताकडं जायचं, त्यानं दाणे पाहायचे, आणि नाव निघालं की त्या बाईचं काही खरं नाही. एकटी, म्हातारी, विधवा, कधी थोडी जमीन बाळगून असलेली.

1825 मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं अमळनेरच्या शेजारी धरणगावला. भिल्ल मुलुख इंग्रजी अंमलाखाली आला आणि एक नवाच तट तयार झाला: ज्याला डाकीण मान्यच नाही, फक्त खून मान्य आहे. डोंगरातल्या माणसाच्या जागी बसून विचार करा. डाकिणीनं पोर खाल्लं, तिला कुणी हात लावत नाही. तिला मारलं, तर फासावर कोण? मी! मग साहेब नक्की कुणाच्या बाजूचा? कायदा आणि गाव एकाच प्रेताकडं बघून दोन वेगळे गुन्हे पाहत होते.

आज हा तट कायद्याचा आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली 20 ऑगस्ट 2013 रोजी. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि वर्ष सरायच्या आत जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद. त्याच्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत, आणि त्यातलं एक कलम वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्रानं गुराची दूध देण्याची क्षमता घटवते, असं भासवणं हा गुन्हा. दूध! क्रामरच्या पुस्तकातही चेटकीण शेजारच्या गाईचं दूध पळवते. 1486 चं जर्मनी आणि 2013 चा महाराष्ट्र, आणि मधे तीच आटलेली कास. फक्त गुन्हेगाराच्या पिंजऱ्यातलं माणूस बदललं. तेव्हा दूध पळवणारी आत, आता तसं म्हणणारा आत.

बरं, शिकाऱ्यांना अडवणारे तरी एका सुरात बोलतात का? नागपूरला 1982 मध्ये श्याम मानवांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, 1989 मध्ये दाभोलकरांची महाराष्ट्र समिती वेगळी उभी राहिली. दाभोलकर म्हणत, देवाधर्माला आमचा विरोध नाही, शोषणाला आहे. तर देवच गेला पाहिजे म्हणणारे नास्तिक त्यांना मवाळ समजत. सोवळे आणि जहाल इथंही आहेतच.

म्हणून टेबल मांडणाऱ्या पोरापोरींना माझं सांगणं. राज्य काल्पनिकच घ्या, सातपुडा घेऊ नका. जिथं खऱ्या बायकांना मार खावा लागतो, तिथली डाकीण खेळात खरीखुरी राक्षसीण निघाली, तर ती गंमत राहत नाही. आणि तट पाडताना चांगले-वाईट असे पाडू नका, प्रमाणांवर पाडा. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकानं एका चिठ्ठीवर लिहायचं: काय पाहिलं तर मी हिला सोडीन? चिठ्ठी पालथी ठेवायची. शब्दवाल्याला जुनी पोथी फिरवणारी नवी पोथी लागेल. प्रत्यक्षवाल्याला रात्रभराचा पहारा. अर्थापत्तीवाल्याला म्हशीचं दूध आटण्याचं दुसरं कारण. आणि ज्याच्या चिठ्ठीवर ‘काहीही नाही’ असं लिहिलेलं असेल, त्याच्याशी बाकी तिघांना एकाच तंबूत रात्र काढायची आहे.

सूत्रधारानंही एक पथ्य पाळावं. चेटकीण आहे की नाही, हे त्यानं आधी ठरवायचं नाही. तिघांनी पुरावा म्हणून जे समोर ठेवलं त्यावरून चौथा फासा टाकील, आणि फासा टाकताना गावातली सगळी म्हातारी माणसं दाराआडून बघत असतील. सालासारची खुर्ची कुणाला द्यायची यावरून मात्र भांडण होईल. माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला ती हवी असते, आणि निम्मे जण पहिल्याच रात्री पेंगून पहारा सोडून देतात.